साळवे मॅडमची शिदोरी

तुमच्या गावातून लग्न होऊन गेलेल्या पोरींपैकी किती जणींचं कॉलेज मधेच सुटलं, हे तुम्ही कधी मोजलंय? पंगती किती उठल्या ते मोजलं असेल. फेटे किती बांधले, आहेरात कुणाकडून काय आलं, हेही सांगता येईल. पण नवरी एफ. वाय. पास होती की एस. वाय., आणि तिचे कागद शेवटी कुणाच्या कपाटात राहिले, हे मांडवात कुणाला विचारून बघा. लोक तुम्हाला पाणी आणून देतील आणि सावलीत बसायला सांगतील.

हे मोजणारी एकच बाई मला भेटली. मार्था साळवे. शिरूरला आमच्या कॉलेजच्या परीक्षा विभागात त्या क्लार्क होत्या. शिकवणं त्यांचं काम नव्हतं, तरी आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो, आणि वर्गात शिकवणाऱ्या बऱ्याच जणांपेक्षा त्यांना जास्त भ्यायचो.

बेताची उंची, सुती साडी, चष्म्याला काळी दोरी. गावातल्या जुन्या मिशन कंपाउंडातून त्या स्कूटीवर यायच्या आणि पायाशी कायम एक गोणपाटाची पिशवी असायची. कुठलाही शिक्का कागदावर मारण्याआधी त्या तो स्वतःच्या डाव्या तळहातावर मारून बघायच्या. शाई फार झाली का, अक्षरं उठतात का, हे पाहिल्याशिवाय पोरांच्या कागदाला शिक्का लागत नसे. त्यामुळे दुपारपर्यंत त्यांच्या तळहातावर चार-पाच जांभळी वर्तुळं झालेली असत. भाकरी खाण्याआधी त्या हात घासून धुवायच्या, तरी एखादं वर्तुळ राहायचंच. रविवारी चर्चमध्येही ते त्यांच्या हातावर असतं, असं त्यांच्या शेजारची पोरं सांगायची.

परीक्षा विभागाची खिडकी इतकी खाली होती की प्रत्येकाला वाकून बोलावं लागे. मॅडम दोन मिनिटं ऐकायच्या आणि मग दार उघडून स्वतःच बाहेर यायच्या. “खिडकीतून मला नुसता हात दिसतो. तोंड बघू दे, म्हणजे खरं किती ते कळंल,” म्हणायच्या.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. माझे वडील रांजणगावच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त, त्यामुळे मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर. साहजिकच कॉलेजला आल्या आल्या मी एक पत्रक काढलं. नवं शैक्षणिक धोरण आलं तेव्हाची आमची पहिली बॅच. विषयांना आता श्रेयांक आले होते, सगळे त्यांना क्रेडिटच म्हणत. ते क्रेडिट प्रत्येकाच्या नावावर एका ऑनलाइन बँकेत जमा होणार, आणि कॉलेज बदललं तरी आपल्याबरोबर येणार, असं गेटवरच्या फ्लेक्सवर लिहिलं होतं. फ्लेक्सवरची मुलगी हसत होती. आम्ही हसत नव्हतो, कारण आम्हाला एकही गोष्ट कुणी समजावून सांगितली नव्हती. तेच मी पत्रकात लिहिलं, सणसणीत लिहिलं, आणि परीक्षा विभागाच्या खिडकीवर चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी पत्रक तिथंच होतं. फक्त त्यात तीन ठिकाणी लाल शाईने गोल केले होते आणि समासात बारीक अक्षरात दुरुस्त्या होत्या. एका परिपत्रकाचा क्रमांक चुकला होता, दोन ठिकाणी क्रेडिटचे तास चुकले होते. खाली लिहिलं होतं, “बाकी बरोबर.”

मी तावातावाने खिडकीशी गेले. मॅडम बाहेर आल्या.

“या पुढारी. तूच का ती?”

“तुम्ही आमचं पत्रक का खराब केलं?”

“खराब केलं असतं तर फाडलं नसतं का? ए शहाणे, राग तुझा बरोबर आहे. आकडा चुकलाय. चुकीच्या आकड्यावर बरोबर राग वाया जातो. हे घे, मूळ परिपत्रक. इथं बसून वाच, घरी न्यायचं नाही.”

मी बसून वाचलं. तेव्हापासून त्यांनी मला पुढारी हेच नाव ठेवलं, आणि माझं अक्षर बरं म्हणून अर्ज लिहायच्या कामाला लावलं. क्रांतीची सुरुवात मी अशी “मा. प्राचार्य यांसी, विनंती अर्ज” इथून केली.

आता त्यांच्या शिदोरीबद्दल सांगते. आमच्याकडे मुलीचं लग्न ठरलं की बाप पत्रिका घेऊन कॉलेजच्या ऑफिसात येतो. पत्रिका, पेढे आणि तोंडी एक वाक्य: “तेवढा पोरीचा दाखला काढून द्या.” इतर कुणीही क्लार्क असता तर टीसी फाडून दिली असती. साळवे मॅडम पेढा खायच्या, पत्रिका वाचायच्या, मग विचारायच्या, “मुलीला बरोबर आणलंय का?”

“तिला कशाला? हळदीची गडबड हाय घरी.”

“मग हळद झाल्यावर आणा. तुमच्यात ओटी भरून पाठवतात ना? आम्ही ओटी भरत नाही. पण रिकामी पाठवायचं माझ्याच्यानं होत नाही.”

मुलगी आली की तिला एक जाडजूड बाड मिळायचं. तिने पास केलेल्या प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम, किती तास, किती क्रेडिट, प्रात्यक्षिकं कोणती. पानापानावर शिक्का. वर गुणपत्रिकांच्या झेरॉक्स आणि तिच्या क्रेडिटच्या खात्याचा प्रिंट. हे सगळं दाभणाने, सुतळीने कडेला शिवलेलं. दाभण म्हणजे पोती शिवायची जाड सुई, ती मॅडमच्या टेबलाच्या कप्प्यात स्टेपलरशेजारी असायची. “पिना गंजतात. सुतळी सासरी टिकती,” म्हणायच्या. मुलीच याला शिदोरी म्हणायला लागल्या. देताना मॅडम तिला दोनच गोष्टी बजावायच्या. पहिली, कागद ट्रंकेत वर ठेव, साड्यांच्या खाली नको. दुसरी, पदवी हातात येईपर्यंत नाव बदलू नकोस. मग हसून म्हणायच्या, “नवऱ्याला सांग, मॅडमची शपथ आहे. आडनाव कुठं पळून जात नाही.”

यासाठी लागणारे अभ्यासक्रम त्यांनी लोखंडी कपाटात वर्षवार लावून ठेवले होते. नवा अभ्यासक्रम आला की जुना सगळे रद्दीत घालायचे, मॅडम त्याची एक प्रत काढून ठेवायच्या. हे का करता, असं मी त्यांना खूपदा विचारलं. मला प्रत्येक गोष्टीमागे अन्यायाची कहाणी लागते. तुमचं स्वतःचं शिक्षण असंच अडलं होतं का? एखाद्या मुलीचं वाईट झालं होतं का? त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “कागद फेकवत नाही मला. बास. सगळ्याचं पत्रक नको करू.”

आमच्या वर्गात प्रतीक्षा होती. वडगाव रासाईची. रोज एसटीने यायची. बी. ए. करत होती, पण नव्या धोरणात कलाशाखेच्या मुलीलाही आपल्या शाखेबाहेरचा एक विषय घ्यावाच लागतो. त्याला ओपन इलेक्टिव्ह म्हणतात. आम्ही सगळ्यांनी सोपा म्हणून कॉमर्सचा काहीतरी घेतला. प्रतीक्षाने विज्ञान शाखेचा “माती व पाणी परीक्षण” घेतला आणि बाटल्यांतून नदीकाठची माती आणायला लागली. आम्ही तिला माती मॅडम म्हणून चिडवायचो.

पहिलं वर्ष संपलं आणि मे महिन्यात तिचं लग्न झालं. खुटबावला दिलं. मधे भीमा, तिकडं दौंड तालुका. तिच्या सासऱ्यांनी, सगळे त्यांना तात्या म्हणत, बैठकीतच शब्द दिला होता: पोरगी हुशार आहे, उरलेली दोन वर्षं शिकवू. दोन म्हणजे दोन. त्या घरात तात्यांचा शब्द जसा मोडत नसे तसा ताणलाही जात नसे. म्हणजे प्रतीक्षाला तिकडच्या कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला तरच पदवी होणार. पहिलं वर्ष परत करा म्हणाले, की संपलं.

आणि नेमक्या तेव्हा साळवे मॅडम भावाच्या आजारपणासाठी दोन महिन्यांची रजा घेऊन नगरला होत्या. प्रतीक्षाच्या वडिलांनी, आप्पांनी, पत्रिका आणली, पेढे दिले, दाखला मागितला. दुसऱ्या क्लार्कने टीसी फाडून दिली. पाच मिनिटांत काम झालं, आप्पा खूश होऊन गेले.

मॅडम परत आल्यावर त्यांनी टीसीचं पुस्तक चाळलं आणि त्या ताडकन उठल्या. मी समोरच अर्ज लिहीत होते.

“नुसती टीसी दिली?”

“मॅडम, त्यांना घाई होती,” तो क्लार्क म्हणाला.

“घाई लग्नाची होती. शिक्षणाची घाई कुणाला असते इथं? अनवाणी पाठवलीत की हो पोरीला.”

त्या बडबडत नव्हत्या एरवी. त्या दिवशी दुपारची भाकरी तशीच राहिली. मॅडम कपाटासमोर खाली बसून प्रतीक्षाचे सगळे विषय काढत होत्या.

दोन-तीन दिवसांत प्रतीक्षाचा मला फोन आला. तिकडच्या कॉलेजात सांगितलं, तुझ्या क्रेडिटच्या खात्यात शून्य आहे. शनिवार प्रवेशाचा शेवटचा दिवस. शून्य असेल तर पहिल्या वर्षाला बसावं लागेल.

मी मॅडमना सांगितलं. म्हटलं, “मोर्चा नेऊ या.”

“मोर्चा सोमवारी ने. शनिवारी माझ्याबरोबर चल. अक्षर नीट काढ तिथं.”

शनिवारी सकाळी आम्ही स्कूटीवर निघालो. गोणपाटाची पिशवी पायाशी, त्यात बाड. भीमेवरच्या पुलावर मॅडमनी स्कूटी थांबवली, चष्मा पुसला आणि पुन्हा निघाल्या. वाटेत उपासनेतलं एक गीत गुणगुणत होत्या, तेही ट्रक आला की थांबायचं. खुटबावला प्रतीक्षाच्या घरी पोचलो तर अंगणात तात्यांची पिकअप तयार उभी. तात्या साठीचे, पांढरी टोपी, कमी बोलणारे. मॅडमना त्यांनी खुर्ची दिली आणि स्वतः ओट्यावर बसले.

प्रतीक्षाचा नवरा निखिल चहा घेऊन आला. उत्साही मुलगा. “मॅडम, कागदाचं टेन्शन घेऊ नका. लग्नानंतर महिन्याच्या आत सगळं हिच्या नव्या नावावर केलं मी. आधार, पॅन, रेशन कार्ड. क्रेडिटचा आयडीसुद्धा यवतला सायबर कॅफेत जाऊन नवा काढला. माझा नंबर टाकलाय. एजंट लावला न्हाई.”

मॅडमनी कप खाली ठेवला. “जुन्या आयडीचं काय केलं, बाळ?”

“जुना कशाला ठेवायचा? तो माहेरच्या नावाचा.”

घोटाळा तिथं होता. एका माणसाची दोन खाती झाली होती. वर्षभराची मेहनत माहेरच्या नावाच्या खात्यात पडून, आणि कॉलेज बघत होतं सासरच्या नावाचं नवंकोरं रिकामं खातं. त्याने हे प्रेमाने केलं होतं. बायकोला लग्नाची भेट म्हणून रांगेत उभं राहून कागद करून देणारा नवरा आमच्या भागात मी दुसरा पाहिलेला नाही. त्याच्या लक्षात आलं तसा तो पांढरा पडला.

“माझ्यामुळं गेलं का वर्ष?”

“गेलेलं नाही. मागच्या दारी उभं आहे, पुढच्या दारी आणायचंय,” मॅडम म्हणाल्या. “लग्नाचा दाखला काढलाय ना? तो घे. आणि चहा गार करू नको.”

त्या कॉलेजचं नाव मी सांगत नाही. असं कॉलेज कुठल्याही तालुक्यात आहे. ऑफिसात पंखा जोरात फिरत होता आणि कागदांवर दगड ठेवले होते. हेडक्लार्क मान वर न करता म्हणाले, “पोर्टलला दिसत नाही म्हणजे नाही.”

“दाखवते,” मॅडम म्हणाल्या. “जुनं खातं उघडा. हा नंबर.”

जुन्या खात्याला मोबाईल आप्पांचा जोडलेला. ओटीपी जाणार वडगाव रासाईला. प्रतीक्षाने वडिलांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“आप्पा, मेसेज आला का? सहा आकडी?”

“कंचा मेसेज? मी गुऱ्हाळावर हाय.”

“आत्ता आला असंल बघा. इंग्रजीत.”

“चष्मा मोटरंवर राहिलाय. थांब, आणतो.”

“आप्पा, थांबायला येळ न्हाई, तो दहा मिनिटात जातो!”

“कुठं जातो?”

तो गेला. दुसऱ्यांदा पाठवला. आप्पांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, “हां, आला. तुमचा… रिचार्ज… संपत आला आहे…” ऑफिसातली रांग हसायला लागली. हेडक्लार्कही हसले. प्रतीक्षा हसत नव्हती. ती टेबलाची कड धरून उभी होती आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. शनिवार, ऑफिस एकला बंद. बारा वाजून गेले होते.

मॅडमनी फोन हातात घेतला. “आप्पा, मी साळवे बोलतेय. शेजारी कोण आहे?”

“भट्टीवाला भैया हाय.”

“त्याला द्या.”

गुऱ्हाळाच्या भट्टीवर उत्तर प्रदेशातली मुलं कामाला असतात. पलीकडून दमदार आवाज आला, “हाँ मैडम, भेजिए। आया। लिखो, दीदी, जल्दी लिखो, नहीं तो फिर भाग जाएगा।” त्याने सहा आकडे खणखणीत सांगितले. पडद्यावर प्रतीक्षाचं जुनं खातं उघडलं, आणि तिचं पहिलं वर्ष एकेका विषयासकट त्यात बसलेलं दिसलं.

दोन्ही खाती एकाच मुलीची आहेत असा अर्ज मी लिहिला. त्याला लग्नाचा दाखला जोडला. मॅडमनी आमच्या कॉलेजचं पत्र दिलं. मला वाटलं, संपलं.

हेडक्लार्कने यादीवर पेन फिरवलं आणि एका ओळीवर थांबले. “हा ओपन इलेक्टिव्ह. माती व पाणी परीक्षण. हा आमच्याकडं शिकवत नाहीत. धरता येणार नाही. तेवढ्यासाठी पहिल्या वर्षाला बसावं लागंल.”

मी उसळले. मॅडमनी माझा दंड धरला आणि खाली बसवलं. पिशवीतून बाड काढलं, बरोबर पान उघडलं आणि त्यांच्या पुढे सरकवलं.

“नियम म्हणतो, शाखेबाहेरचा विषय पाहिजे. हा विज्ञानाचा. एवढे तास पाहिजेत. आहेत. एवढे क्रेडिट पाहिजेत. आहेत. तुमच्या पाटीवर विषयाचं नाव पाहिजे, असं कुठं लिहिलंय ते मला दाखवा.”

“मॅडम, आमच्या प्रॅक्टिसला नाही बसत.”

“नदीच्या त्या काठाला पोहायला शिकलेली पोरगी या काठाला बुडती का हो, सर?”

“तसं नाही. विद्यापीठाचं पत्र आणा. सोमवारी बघू.”

सोमवारी काय बघणार? मुदत शनिवारची. हे त्यांनाही माहीत होतं. माझ्या डोक्यात त्याच क्षणी एक पत्रक तयार झालं, मथळ्यासकट.

इतका वेळ दारापाशी टोपी हातात धरून उभे असलेले तात्या पुढे आले. त्यांनी बाडाकडे बोट केलं.

“बाई, ह्यात रान खारं झालंय का, ते बघायचं लिव्हलंय का?”

“पान सात,” मॅडम म्हणाल्या.

तात्या हेडक्लार्ककडे वळले. “साहेब, मी काय शिकलेलो न्हाई. आमच्या वरच्या तुकड्यात ऊस पिवळा पडत हुता. मी खत घालत सुटलो. हिनं आल्या आल्या तिथली माती आणली, बाटलीत पाण्यात हलवली, कसल्या पट्ट्या बुडवल्या, आन् म्हणाली, तात्या, खार फुटलाय, खत नको, पाणी कमी करा, चर काढा. मी इश्वास ठिवला न्हाई. पुण्याला माती पाठवली. तेच लिहून आलं. तुमच्याकडं शिकवत न्हाईत म्हणून ते हिला येत न्हाई, असं म्हणता व्हय?”

हेडक्लार्कने बाड ओढून पान सात वाचलं. पुढचं पानही वाचलं. मग चष्म्यावरून प्रतीक्षाकडे पाहिलं.

“पांढरं फुटतं वर, मिठासारखं, तेच ना? आमच्या खालच्या पट्टीत आलंय.”

“विहिरीचं पाणी का कॅनॉलचं?” प्रतीक्षाने विचारलं.

“कॅनॉलचं.”

“मग चर आहे का?”

“चर नाही.”

“माती आणा. वरची नको, वीतभर खालची.”

हेडक्लार्क बाड घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले तेव्हा अर्जावर सही होती: दुसऱ्या वर्षात प्रवेश, पूर्वीचे सर्व श्रेयांक ग्राह्य. प्रतीक्षाने सहीखाली बोट धरून ती ओळ दोनदा वाचली. निखिल बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मॅडमनी मात्र हात पुढे केला. “पोच द्या.”

“मॅडम, सही झालीय आता, पोच कशाला?”

“प्रार्थनेला पोच लागत नाही. अर्जाला लागते.”

पोच मिळाली. तिच्यावर शिक्का मारण्याआधी हेडक्लार्कने तो टेबलावर टेकवला, तेव्हा मॅडमनी आपला डावा तळहात पुढे केला. ते गोंधळले, मग हसले आणि हातावर शिक्का मारून बघितला. अक्षरं नीट उठली होती.

परतताना पिकअपमध्ये, खुटबाव जवळ आल्यावर तात्या म्हणाले, “बाई, दोन वर्षं म्हणालो हुतो मी. पण ह्या मातीचं पुढं बी काय शिक्षण असतंय का?”

“आधी हे पुरं होऊ द्या,” मॅडम म्हणाल्या. पण त्यांनी पदर तोंडाला लावला होता, आणि मला वाटतं त्या हसत होत्या.

मी आमचं पत्रक काढलंच. कॉलेज बदलणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी लेखी माहिती द्या, “आमच्याकडे शिकवत नाहीत” म्हणून क्रेडिट नाकारू नका, नाव बदललं तरी खातं एकच राहील याची जबाबदारी कॉलेजने घ्यावी. फ्लेक्सवर जे छापलंय ते एका मुलीला मिळायला एक स्कूटी, एक पिकअप, एक भट्टीवाला आणि एक खारवलेला ऊस लागत असेल, तर तो हक्क नव्हे, नशीब आहे. हे मी तेव्हा लिहिलं आणि आजही तेच म्हणते. खिडकीवर लावण्याआधी या वेळी मी पत्रक मॅडमना दाखवलं. लाल पेन एकदाच खाली आलं. भट्टीवाल्याचं नाव मी लिहिलं नव्हतं. “तो पण होता ना? मग नाव विचारून घे,” म्हणाल्या. आम्ही फोन करून विचारलं. रामसूरत.

यंदा साळवे मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाषण करा म्हटल्यावर त्या उभ्या राहिल्या, “कपाटातले कागद रद्दीत घालू नका,” एवढंच बोलल्या आणि बसल्या. आठ दिवसांनी कळलं की कपाट रंगवायला रिकामं करणार आहेत आणि रद्दीवाल्याला बोलावलंय. ऑफिसातलं सगळं आता ऑनलाइन होतं. रद्दीवाला यायच्या आधी सकाळी साडेदहाला कॉलेजच्या गेटातून खुटबावची पिकअप आत आली. तात्या, निखिल आणि प्रतीक्षा. प्राचार्यांची लेखी परवानगी मॅडमनी आधीच घेतली होती, पोच तिच्या मागे टाचलेली. आम्ही साखळी करून गठ्ठे खाली आणले. प्रतीक्षाच्या माडीवर जागा केली होती, खाली विटा, वर ताडपत्री, उंदरांसाठी जाळी.

मॅडम त्यानंतर भावाकडे नगरला राहायला गेल्या. मी त्यांना पाहिलं ते त्या दिवशीच शेवटचं. त्या पिकअपमध्ये पुढे, तात्यांच्या शेजारी बसल्या होत्या. मी हात केला. त्यांनी पाहिलं नाही. ताडपत्रीची एक दोरी सुटून लोंबत होती, ती त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून घट्ट धरली होती. गाडी गेटाबाहेर वळली तेव्हा मला फक्त तो हात दिसला. खिडकीतून दिसतो तो नुसता हात, हे त्याच म्हणायच्या. त्या हाताच्या तळव्यावर, निवृत्तीनंतर आठ दिवसांनीही, जांभळं वर्तुळ होतं.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते उद्यावर टाकू नका. तुमच्या घरात सून आहे, शेजारी वहिनी आहे, लग्न होऊन गेलेली बहीण आहे. तिला विचारा, कॉलेज कुठं सुटलं? गुणपत्रिका कुठं आहे? नव्या पद्धतीत शिकलेली असेल तर तिने कमावलेले क्रेडिट साधारण सात वर्षं जिवंत असतात. जुन्या नावाने असले तरी ते तिचेच आहेत. ट्रंक उघडायला लावा. साड्यांच्या खालचे कागद वर काढा. आणि तिला घेऊन जवळच्या कॉलेजच्या खिडकीशी जा, अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.